मैल शाबूत, पेन्शन बुडाली

२१ सप्टेंबर २००१, शुक्रवार. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून दहा दिवस झाले होते. अमेरिकेचं आकाश पुन्हा खुलं झालं होतं, पण विमानात बसायला माणसं धजावत नव्हती. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये सिनेटपुढे एक विधेयक आलं: विमान कंपन्यांना ५ अब्ज डॉलर रोख आणि शिवाय १० अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांना सरकारची हमी. ९६ मतं बाजूने पडली, विरोधात एक. ते एक मत पीटर फिट्झजेराल्ड यांचं होतं. राष्ट्राध्यक्षांच्याच रिपब्लिकन पक्षाचे, आणि तेही इलिनॉयचे. युनायटेड एअरलाइन्सचं मुख्यालय त्याच राज्यात, शिकागोच्या उपनगरात होतं. करदात्यांचा पैसा द्यायचाच असेल तर बदल्यात करदात्यांच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे, एवढाच त्यांचा आक्षेप होता. तो ऐकून घ्यायची ती वेळ नव्हती. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली.

त्याच आठवड्यात युनायटेड आणि अमेरिकन या दोन कंपन्यांनी प्रत्येकी २०,००० माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं होतं. त्या माणसांसाठीही काही तरतूद या कायद्यात करावी, असा प्रयत्न काही खासदारांनी केला. ते नंतर बघू, असं ठरलं. कंपन्यांचं मात्र नंतरवर टाकलं गेलं नाही.

या कायद्याबद्दल पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच हिवाळ्यातल्या आणखी दोन निर्णयांची फारशी कोणी दखल घेतली नाही. २८ डिसेंबरला संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यावर सही झाली. त्यात मागच्या बाजूला एक कलम होतं. सरकारी कामासाठी केलेल्या विमानप्रवासावर जे बक्षिसाचे मैल मिळतात, ते यापुढे सरकारी नोकराने स्वतःसाठी वापरले तरी चालतील. तोवर ते मैल सरकारच्या मालकीचे होते. १९९४ च्या एका कायद्याने त्यांचा वापर पुढच्या सरकारी दौऱ्यांसाठीच करायला सांगितलं होतं. पण मैलांचं खातं माणसाच्या नावावर असे, सरकारी कार्यालयाच्या नावावर नाही, त्यामुळे हिशेब कधीच लागला नाही. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २००२ मध्ये, अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यानेही हात वर केले. मालकाच्या खर्चाने केलेल्या प्रवासातून नोकराला मिळालेले मैल म्हणजे तसं पाहिलं तर उत्पन्नच, पण त्यावर आम्ही कर मागणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

(आपल्याकडचा नियम याहून कडक आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ मध्ये, अर्थ मंत्रालयाने लिहून ठेवलं की सरकारी दौऱ्यावर मिळालेले मैल खात्याच्याच पुढच्या दौऱ्यांसाठी वापरायचे, आणि खासगी प्रवासासाठी वापरले तर कारवाई होईल. कागदावर तरी.)

मला हे तीन निर्णय एकत्र वाचावेसे वाटतात. सप्टेंबरात सामान्य करदात्याने कंपन्या तगवल्या, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत ज्यांना विमानात वारंवार बसावं लागतं अशा अधिकारी आणि नोकरदार मंडळींच्या मैलांवरचा उरलासुरला कायदेशीर काच सुटला. कट वगैरे काही नव्हता, आणि तेच जास्त विचार करण्यासारखं आहे. या व्यवस्थेवर चिडायचं ज्यांनी, चिडलेल्यांचं म्हणणं ज्यांनी मांडायचं, ते खासदार, संपादक, वकील आणि सनदी अधिकारी हेच तिचे सगळ्यांत मोठे लाभार्थी होते. अमेरिकेत विमान कंपन्यांवर लोकांचा राग अनेकदा उसळला आणि दर वेळी थोडक्यात ओसरला. त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

सुरुवात वीस वर्षं आधीची. १९७८ पर्यंत अमेरिकेत कोणी कुठून कुठे उडायचं आणि तिकिटाला किती घ्यायचे, हे सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड नावाची सरकारी संस्था ठरवत असे. दर सगळ्यांचे सारखेच, तेव्हा कंपन्यांची चढाओढ जेवणावर, गणवेशांवर, बसायच्या जागेवर. सत्तरीच्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या जंबो विमानांमध्ये पियानोसुद्धा ठेवला होता. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी हे नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि चढाओढ जेवणावरून तिकिटावर आली. नव्या, स्वस्त कंपन्या उभ्या राहिल्या. प्रवासी दहा डॉलरसाठी कंपनी बदलू लागला.

त्याला बांधून ठेवायचं कसं? मैल मोजून बक्षीस देण्याची कल्पना पहिल्यांदा टेक्सास इंटरनॅशनल या छोट्या कंपनीने १९७९ मध्ये वापरून पाहिली. तिला खरा आकार आला १ मे १९८१ रोजी, अमेरिकन एअरलाइन्सच्या ‘ए-अ‍ॅडव्हांटेज’ योजनेत. त्या वेळी कंपनीचे अध्यक्ष होते रॉबर्ट क्रँडल, आणि त्यांच्या हाताशी असं एक हत्यार होतं जे बऱ्याच स्पर्धकांकडे नव्हतं: ‘सेबर’ ही संगणकावरची आरक्षण यंत्रणा. तिच्यातल्या नोंदी चाळून एकच फोन नंबर पुन्हा पुन्हा कुठे येतो ते शोधलं गेलं, आणि त्यातून सुमारे दीड लाख नेहमीची गिऱ्हाइकं निघाली. त्यांना घरबसल्या सदस्यत्व मिळालं. आठवडाभरात युनायटेडने आपली ‘मायलेज प्लस’ योजना काढली, आणि वर्ष संपायच्या आत डेल्टा आणि टीडब्ल्यूए याही मैदानात उतरल्या होत्या.

कंपनीच्या दृष्टीने हिशेब सोपा होता. विमान तसंही उडणारच, मागची आठ-दहा आसनं तशीही रिकामी जाणार, तिथे जुन्या गिऱ्हाइकाला फुकट बसवलं तर खर्च जेवणापुरता. पण खरी मेख तिकीट कोण काढतो यात होती. नेहमी उडणारा माणूस बहुतेक वेळा कामासाठी उडतो, आणि तिकीट त्याची कंपनी काढते, नाहीतर सरकार काढतं. दहा कप चहा ऑफिसच्या खर्चाने प्यायचे आणि अकरावा फुकटचा कप मात्र घरच्यांना पाजायचा, असा हा व्यवहार. मग माणूस शंभर डॉलर स्वस्त असलेलं दुसऱ्या कंपनीचं विमान कशाला निवडेल? पैसे त्याचे नाहीत, मैल त्याचे आहेत. जादा पैसे मालक मोजत होता, आणि मालक म्हणजे सरकार असेल तेव्हा ते सगळेच मोजत होते. यातली गैरसोय सरकारी हिशेबतपासनीसांना लवकरच कळली होती. ती निस्तरायला सरकारला वीस वर्षं लागली, आणि शेवटी कशी निस्तरली ते वर आलंच आहे.

१९८७ मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढलं, आणि योजनेचा पोतच बदलला. आता मैल मिळवायला उडायची गरज उरली नाही. कार्डावर एक डॉलर खर्च करा, एक मैल घ्या. बँक हे मैल विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन विकत घेई आणि गिऱ्हाइकाला वाटे. विमान कंपनीने जवळजवळ फुकटात छापायचे आणि बँकेने रोखीने घ्यायचे, असं एक खासगी चलन तयार झालं. त्याचा भाव ठरवणारी रिझर्व्ह बँक म्हणजे विमान कंपनी स्वतःच. काल २५,००० मैलांना मिळणारं तिकीट उद्या ४०,००० ला झालं, तर दाद मागायला जागा नाही. मैल आमच्या मालकीचे आहेत आणि नियम आम्ही केव्हाही बदलू, असं करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच.

या चलनाच्या मागे लागलेल्या माणसांच्या गोष्टी मजेदार आहेत. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरच्या लक्षात आलं की एका खाद्यपदार्थ कंपनीच्या पुडिंगच्या वाटीवर जे मैल मिळतात, त्यांची किंमत वाटीपेक्षा जास्त आहे. त्याने १२,००० हून जास्त वाट्या सुमारे ३,००० डॉलरला उचलल्या. पुडिंग धर्मादाय संस्थेला दिलं, झाकणांवरची लेबलं काढायचं काम त्या बदल्यात संस्थेच्या स्वयंसेवकांकडून करून घेतलं, आणि साडेबारा लाख मैल खात्यात जमा केले. दानाची करसवलतही घेतली. अशा माणसाचा राग येत नाही, कौतुकच वाटतं.

पुढच्या दशकातल्या नाण्यांच्या गोष्टीत मात्र करदाता येतो. राष्ट्राध्यक्षांची चित्रं असलेली एक डॉलरची नाणी पाडा, असा कायदा अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्ये केला होता. लोकांना नाणी नको होती, नोट खिशात हलकी. ती चलनात यावीत म्हणून टाकसाळीने २००८ पासून नाण्यांचे खोके घरपोच द्यायला सुरुवात केली. २५० नाण्यांचा खोका २५० डॉलरला, पोचवायचा खर्च सरकारचा, पैसे क्रेडिट कार्डाने चालतील. मैल जमवणाऱ्यांना आणखी काय हवं? कार्डावर हजारो डॉलरची नाणी मागवायची, खोके न फोडता तसेच बँकेत भरायचे, त्या पैशांतून कार्डाचं बिल चुकतं करायचं. नाणी बँकेतून फेडरल रिझर्व्हच्या तळघरात परत. चलन फिरलं खरं, पण टाकसाळीपासून तळघरापर्यंतच. टाकसाळीला हे कळायला वेळ लागला, आणि जुलै २०११ मध्ये कार्डावरची विक्री बंद झाली, तेव्हा फेडरल रिझर्व्हच्या तिजोऱ्यांत कोणालाही नको असलेली एक अब्जाहून जास्त नाणी पडून होती. त्यांतली बहुतेक मैलवाल्यांची नव्हेत, हे खरं. पण खोके दारोदार पोचवायचा खर्च ज्याने कधी क्रेडिट कार्ड पाहिलं नाही त्याच्याही करातून गेला.

मैलांवरून राजकारण्यांच्या खुर्च्या हलल्या त्या अमेरिकेत नाही, जर्मनीत. जुलै २००२, निवडणूक दोन महिन्यांवर. ‘बिल्ड’ या सर्वाधिक खपाच्या दैनिकाने एकेका खासदाराचं नाव छापायला सुरुवात केली: सरकारी दौऱ्यांवर लुफ्थान्साचे मैल मिळवले आणि खासगी प्रवासाला वापरले. जर्मन संसदेचा दंडक सरळ होता. सरकारी प्रवासातले मैल सरकारी प्रवासासाठीच. ग्रीन पक्षाचे तरुण, लोकप्रिय खासदार चेम ओझदेमिर आधीच एका जनसंपर्क व्यावसायिकाकडून घेतलेल्या कर्जामुळे अडचणीत होते, त्यात मैलांची भर पडली आणि त्यांना बाजूला व्हावं लागलं. पाच दिवसांनी, ३१ जुलैला, डाव्या पक्षाचे ग्रेगोर गिझी यांनी बर्लिन राज्याच्या आर्थिक व्यवहार मंत्रिपदाचा राजीनामा दिला. वॉशिंग्टनने तीच गोष्ट कायदेशीर करून टाकली, त्याला वर्षही होत नाही तोच बर्लिनमध्ये तिच्यापायी मंत्र्याची खुर्ची गेली. ‘बिल्ड’चा हेतू किती शुद्ध होता हा वेगळा प्रश्न. नावं बहुतेक एकाच बाजूच्या राजकारण्यांची बाहेर येत आहेत, असा आरोप तेव्हाही झाला.

आता युनायटेडकडे परत येऊ, कारण या साऱ्या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तिथे आहे. २००१ च्या कायद्यातल्या कर्जहमीसाठी युनायटेडने १.८ अब्ज डॉलरचा अर्ज केला होता. ४ डिसेंबर २००२ रोजी सरकारी मंडळाने तो फेटाळला. कंपनीची योजना धड नाही, असं कारण दिलं. पाच दिवसांनी युनायटेड शिकागोच्या न्यायालयात दिवाळखोरीत गेली. अशा प्रकरणात पहिल्याच दिवशी कंपनी न्यायालयाकडे काही तातडीच्या परवानग्या मागते: पगार द्यायची, इंधनाचे पैसे चुकवायची. युनायटेडच्या मागण्यांत गिऱ्हाइकांचे मैल मान्य ठेवण्याचीही परवानगी होती, आणि ती मिळाली. देणेकऱ्यांना किती मिळणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं, भागधारकांचं सगळं जाणार हे दिसत होतं, पण मैल पहिल्या दिवसापासून शाबूत.

त्याला व्यावहारिक कारण होतं. मायलेज प्लसचं कार्ड बँक वन काढत असे, आणि दिवाळखोरीच्या काळात कंपनी चालू ठेवायला ज्या बँकांनी कर्ज दिलं त्यांत बँक वन होतीच. मैल बुडाले असते तर कार्ड बुडालं असतं, कार्ड बुडालं असतं तर रोख पैशाचा झरा आटला असता.

कामगारांमुळे असा कुठला झरा आटणार नव्हता. १० मे २००५ रोजी न्यायाधीशांनी युनायटेडला आपल्या चारही पेन्शन योजना मोडीत काढायची परवानगी दिली. आजी-माजी मिळून सुमारे १,२०,००० कर्मचारी त्यांत होते. योजनांमध्ये ९.८ अब्ज डॉलरची तूट होती. त्यातले सुमारे ६.६ अब्ज पेन्शनचा विमा उतरवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या गळ्यात आले, बाकीचे कर्मचाऱ्यांचे बुडाले. अमेरिकेच्या इतिहासात तोवर एवढी मोठी पेन्शन कोणी बुडवली नव्हती. ते महामंडळ थेट करातून चालत नाही, इतर कंपन्यांच्या हप्त्यांतून चालतं, म्हणजे वेळेवर हप्ते भरणाऱ्या कंपन्यांनी न भरणाऱ्यांचं निस्तरायचं. तीस वर्षं विमानात उभं राहून काढलेल्या हवाई सेविकेला महिन्याचा हिशेब नव्याने मांडावा लागला. मुख्याधिकारी ग्लेन टिल्टन यांची आधीच्या नोकरीच्या भरपाईपोटी ठरलेली ४५ लाख डॉलरची निवृत्तीची रक्कम मात्र वेगळ्या ट्रस्टमध्ये सुरक्षित होती. आणि दोन लाख मैल साठवलेल्या सल्लागार साहेबांचे मैल त्या साऱ्या काळात दोन लाखच राहिले.

कर्मचारी निदर्शनं करत होते, संसदेत सुनावण्या झाल्या. पण प्रवाशांनी त्यांच्या बाजूने उभं राहून युनायटेडवर पाठ फिरवल्याचं काही दिसलं नाही. कशी फिरवणार? मैल अडकलेले होते. त्याच वर्षी जानेवारीत ‘द इकॉनॉमिस्ट’ने हिशेब मांडला होता की जगभरच्या खात्यांत मिळून सुमारे १४ लाख कोटी मैल पडून आहेत, आणि त्यांची किंमत चलनात असलेल्या साऱ्या डॉलर नोटांपेक्षाही जास्त भरते.

२०१० नंतरचं दशक कंपन्यांना एकूण फार चांगलं गेलं. विलीनीकरणं होऊन चार मोठ्या कंपन्या उरल्या, इंधन स्वस्त झालं, बॅगेचे वेगळे पैसे लागू झाले. डेल्टाने २०१५ च्या सुरुवातीला, मागोमाग युनायटेडने आणि २०१६ मध्ये अमेरिकनने मैल मोजायची पद्धत बदलली. किती अंतर उडलात यापेक्षा किती पैसे मोजलेत याला मैल. मैल या मापाचा मैलाशी संबंध संपला. २०१७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख डग पार्कर गुंतवणूकदारांना म्हणाले की आपण पुन्हा कधी तोट्यात जाऊ असं त्यांना वाटत नाही. २०१४ ते २०१९ या काळात कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर १२ अब्ज डॉलरहून जास्त खर्च केले.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे विमानं जमिनीवर आली आणि कंपन्या पुन्हा वॉशिंग्टनच्या दारात उभ्या राहिल्या. या वेळी लोक चिडले ते लगेच आणि उघडपणे. नफ्याच्या वर्षांत पैसा शेअर विकत घेण्यात उडवला, आसनं अरुंद केली, बॅगेला पैसे लावले, आणि आता आम्ही भरपाई करायची? एक फरक मात्र २००१ पेक्षा मोठा होता. हवाई सेवकांच्या संघटनेच्या अध्यक्ष सारा नेल्सन यांनी मागणीच वेगळी मांडली: पैसा द्या, पण तो पगारासाठीच, आणि शेअर परत घ्यायला बंदी. २७ मार्चला सही झालेल्या कायद्यात हे बऱ्याच अंशी आलं. प्रवासी कंपन्यांना पगारासाठी २५ अब्ज डॉलर, ३० सप्टेंबरपर्यंत कोणाला सक्तीने काढायचं नाही, वरिष्ठांच्या मोबदल्यावर मर्यादा. शिवाय आणखी २५ अब्ज डॉलरपर्यंतची कर्जं. पुढे डिसेंबरात १५ आणि मार्च २०२१ मध्ये १४ अब्ज. नुसत्या पगारांसाठी एकूण ५४ अब्ज डॉलर. त्यातला मोठा भाग परत करायचा नव्हता.

मधल्या काळात, २०२० च्या जूनमध्ये, युनायटेडने आपली जुनी पेटी उघडली. मायलेज प्लस तारण ठेवून तिने ६.८ अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं, आणि त्यासाठी आजवर झाकून ठेवलेले आकडे कर्ज देणाऱ्यांपुढे मांडावे लागले. २०१९ मध्ये या योजनेची विक्री ५.३ अब्ज डॉलर. तिची किंमत २१.९ अब्ज डॉलर. त्या वेळी शेअर बाजारात अख्ख्या युनायटेडची किंमत याच्या जवळपास निम्मी होती. म्हणजे विमानं, इंजिनं, विमानतळांवरचे हक्क हे सगळं धरून कंपनीची जी किंमत, तिच्या दुप्पट एकट्या मैलांची. सप्टेंबरात डेल्टाने आपल्या ‘स्कायमाइल्स’वर ९ अब्ज उभे केले, आणि योजनेचे हक्क केमन बेटांवर नोंदवलेल्या कंपनीच्या नावे ठेवले. अमेरिकन एक्सप्रेसकडून डेल्टाला २०१९ या एका वर्षात ४.१ अब्ज डॉलर मिळाले होते. अमेरिकन एअरलाइन्सने तर सरकारकडूनच कर्ज घेताना ए-अ‍ॅडव्हांटेज तारण दिली. करदात्यांच्या पैशाला तारण होते मैल.

घरात एवढं सोनं होतं तर दारात झोळी कशाला, असं लोकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, पण उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. मार्चमध्ये कर्जबाजार गोठलेला होता. जूनमध्ये सावकार पुढे आले, कारण सरकार या कंपन्यांना बुडू देत नाही हे तोवर सिद्ध झालं होतं. सोन्याला भाव आला तोच मुळी सरकार मागे उभं होतं म्हणून. मला स्वतःला पगाराच्या मदतीबद्दल फार तक्रार वाटत नाही. ती थेट माणसांच्या घरी गेली. पण कंपन्यांनी ती घेत असतानाच हजारो वैमानिकांना आणि कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्तीचे पैसे देऊन घरी बसवलं, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात गर्दी परतली तेव्हा माणसं नाहीत म्हणून विमानं रद्द केली. माणसं राखायला पैसा घेतला होता. सिनेटर मारिया कँटवेल यांनी कंपन्यांना पत्रं पाठवून नेमकं हेच विचारलं.

रद्द झालेल्या तिकिटांच्या पैशाचं प्रकरण तर आणखी कडू. कायद्याने रोख परतावा द्यायला हवा होता, कंपन्या पुढच्या प्रवासाची कुपनं पुढे करत होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने सहा कंपन्यांकडून मिळून ६० कोटी डॉलरहून जास्त परतावे वसूल झाल्याचं जाहीर केलं. त्या यादीत आपली एअर इंडिया होती: १२ कोटी १५ लाख डॉलरचे परतावे आणि वर १४ लाखांचा दंड. अमेरिकेतून मुंबईची तिकिटं काढून पैशासाठी महिनोन् महिने फोन लावत बसलेल्यांत मराठी घरंही होतीच. तक्रारी टाटांच्या ताब्याआधीच्या होत्या, सरकारी मालकीच्या काळातल्या. त्याच एअर इंडियाचा सौदा जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा तिच्यावरच्या ६१,५६२ कोटी रुपयांच्या कर्जापैकी १५,३०० कोटी नव्या मालकाकडे गेलं. उरलेलं ४६,२६२ कोटी सरकारी कंपनीत, म्हणजे तुमच्या-माझ्या माथी राहिलं. ‘फ्लाइंग रिटर्न्स’चे पॉइंट मात्र विमानांबरोबर नव्या मालकाकडे पोचले.

मैलांचे पैसे मुळात येतात कुठून, याचं उत्तर बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्येच देऊन ठेवलं होतं. कार्ड घासलं की दुकानदाराला शुल्क द्यावं लागतं, आणि तो ते सगळ्यांच्याच भावात मिसळतो. रोखीने दूध-पाव घेणाऱ्यालाही तोच वाढीव भाव पडतो, मैल मात्र कार्डवाल्याला. त्यांच्या हिशेबाने या व्यवहारात सगळ्यांत कमी उत्पन्नाचं घर वर्षाला सरासरी २१ डॉलर गमावतं आणि सगळ्यांत जास्त उत्पन्नाचं घर ७५० डॉलर कमावतं. सिनेटर डिक डर्बिन आणि रॉजर मार्शल यांनी हे शुल्क उतरावं म्हणून २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये विधेयक आणलं. विमान कंपन्या बँकांच्या खांद्याला खांदा लावून विरोधात उतरल्या. तुमचे पॉइंट जातील, एवढंच त्यांना मतदारांना सांगायचं होतं. त्या संसदेच्या मुदतीत विधेयक मतदानापर्यंत पोचलंच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये परिवहन खात्याने चार मोठ्या कंपन्यांना त्यांच्या मैल योजनांबद्दल ९० दिवसांत जबाब द्यायला सांगितलं. मुदत संपून दीड महिना होतो न होतो तोच सरकार बदललं.

लोकांच्या रागापुढे विमान कंपनी महिनाभरात वाकली, असं एकच उदाहरण मला या साऱ्या इतिहासात सापडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टाने जाहीर केलं की आपल्या नावाचं सगळ्यांत महागडं अमेरिकन एक्सप्रेस कार्ड असलेल्यांनाही २०२५ पासून विमानतळावरच्या तिच्या खास विश्रामकक्षात वर्षाला दहाच वेळा जाता येईल. त्याबरोबर वरच्या दर्जाच्या सदस्यत्वाच्या अटीही कडक झाल्या. कार्डधारकांनी असा काही गदारोळ केला की दोन आठवड्यांत कंपनीचे प्रमुख एड बास्टियन यांनी अटलांटातल्या रोटरी क्लबच्या कार्यक्रमात आपण जरा जास्तच पुढे गेलो अशी कबुली दिली. १८ ऑक्टोबरला नवे नियम आले. दहाऐवजी पंधरा वेळा.